मालकाला रोख, कामगाराला टाळ्या

मराठवाड्यातल्या आमच्या शहराजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत दिवाळीच्या आधी एक कागद फिरतो. चांगल्या कामाबद्दल तुम्हाला कोणतं बक्षीस आवडेल, असा त्यावर प्रश्न असतो आणि खाली खुणा करायला चौकोन असतात: गिफ्ट व्हाउचर, प्रशस्तिपत्र, कुटुंबासह हॉटेलात जेवण, कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट, सर्वांसमोर सत्कार. पगारवाढीचा चौकोन त्या कागदावर मी कधी पाहिला नाही. कायम नोकरीचा तर नाहीच. कागद गोळा होतात, बाहेरून बोलावलेला सल्लागार त्यांचा आलेख करतो आणि साहेबांच्या बैठकीत सांगतो की तुमच्या कामगारांना पैशापेक्षा कौतुक मोलाचं वाटतं. बैठकीतले सगळे खूश होतात, कारण कौतुक स्वस्त पडतं.

ज्या प्रश्नात पैशाचं उत्तर लिहायला जागाच ठेवलेली नाही, त्याच्या उत्तरात पैसा दिसला नाही म्हणून कामगाराला पैसा नको, असा निष्कर्ष काढणं ही लबाडी आहे. इंग्रजीत केली, रंगीत आलेख काढून केली, तरी ती लबाडीच राहते.

मी वाळूजमध्ये पर्सनल खात्यात नोकरी केली. हजेरी, रजा, पगारपत्रक, ठेकेदारांची बिलं, पीएफची चलनं हे सगळं माझ्या टेबलावरून गेलं. निवृत्त झालो तरी वाळूजलगतच्या बजाजनगरातली, रांजणगावातली पोरं कागद घेऊन येतात. कुणाचा पीएफ अडकलेला, कुणाला बोनस मिळालेला नाही, कुणाला नेमणुकीचं पत्रच दिलेलं नाही. त्या अनुभवावरून सांगतो, कामगाराला काय हवं आहे हे आमच्या शहरात कुणापासूनही लपलेलं नाही. गेली चाळीस वर्षं ते गेटवर उभं राहून मोठ्याने सांगितलं जात आहे. ज्याला ते ऐकायचं नाही, तोच सर्वेक्षण काढतो.

बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला. त्याच्याभोवती सुटे भाग बनवणारे लहानमोठे कारखाने उभे राहिले आणि बीड, जालना, परभणी, हिंगोली, बुलढाण्याची पोरं आयटीआय करून इकडे आली. त्या पहिल्या पिढीतले कित्येक जण कायम झाले. त्यांनी बजाजनगरात प्लॉट घेतले, घरं बांधली, पोरांना इंजिनिअर केलं, गावाकडच्या बहिणींची लग्नं लावली. आज तिथल्याच जोगेश्वरीत किंवा कमळापुरात दहा बाय दहाच्या खोलीत तिघा-चौघांसोबत राहणाऱ्या पोराला ती माणसं रोज दिसतात. त्यातला एखादा त्याचा सख्खा काका असतो. काकाचं घर कशावर उभं राहिलं ते त्याला नीट कळतं. ठरलेला पगार, तीन-साडेतीन वर्षांनी होणारा करार, ग्रॅच्युइटी आणि उद्याही कामावर घेतील याची खात्री, एवढ्यावर ते उभं राहिलं. माणसाला झटून काम करायला लावणारी गोष्ट याहून मोठी मी पाहिलेली नाही. आणि नेमकी तीच गोष्ट आजच्या पोराच्या वाट्याला येऊ नये, यासाठी अख्खी यंत्रणा राबते आहे.

त्या यंत्रणेचं नाव ठेका. पोरगा लाइनवर उभा राहतो कंपनीच्या, काम करतो कंपनीचं, पण कागदावर तो ठेकेदाराचा असतो. वर्षात 240 दिवस भरले की कायद्याने त्याची सेवा सलग धरली जाते, म्हणून ते भरायच्या आत त्याला 'ब्रेक' मिळतो. महिना-पंधरा दिवस घरी बसायचं आणि मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर त्याच गेटातून आत यायचं. मधल्या काळात 2013 ची 'नीम' योजना आली. तिच्याखाली घेतलेला पोरगा प्रशिक्षणार्थी ठरायचा, कामगार नव्हे, म्हणून त्याला पीएफ नाही आणि ईएसआयही नाही. यंत्रावर तो कायम कामगाराइतकंच उत्पादन काढत होता. शिकवण्याच्या नावाखाली माणसं राबवायची ती सोय होती. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेने पुढे ती योजना बंद केली, पण मधल्या वर्षांत ज्यांची उमेद तिथे खर्ची पडली त्यांची नुकसानभरपाई कुणी केली नाही. दर सात-आठ महिन्यांनी ज्याला घरी बसवलं जातं, त्याच्यासमोर मोटिव्हेशनचं व्याख्यान ठेवणाऱ्याला लाज वाटली पाहिजे.

पगार आणि कायम नोकरी यांच्या खालोखाल माझ्या टेबलावर सर्वांत जास्त आलेली मागणी सुट्टीची. कोणती सुट्टी, तेही पोरं नेमकं सांगायची. पेरणीच्या वेळची, पोळ्याची, घरी महालक्ष्म्या बसतात तेव्हाची, आषाढीची. वाळूजला छोटं पंढरपूर आहे. आषाढी एकादशीला तिथे एवढी गर्दी होते की नगर रस्त्यावरून वाहन हलत नाही, आणि त्याच रस्त्याच्या कडेला कारखान्यांत सकाळची पाळी सुरू असते. एका दिवाळीत आमच्याकडे चांगल्या हजेरीबद्दल चाकांच्या बॅगा वाटल्या. गेवराईकडचा एक पोरगा सही करता करता मला म्हणाला, "साहेब, बॅग राहू द्या. पोळ्याच्या दोन सुट्ट्या तेवढ्या देत जा. घरी बाप एकलाच हाय." त्या बॅगेच्या किमतीत दोन दिवसांची भरपगारी रजा सहज बसली असती. पण बॅगेवर कंपनीचं नाव छापता येतं, रजेवर छापता येत नाही. म्हणून बॅगा आल्या.

पाळी आठवडाभर आधी कळावी, ही तशीच एक मागणी. शनिवारी संध्याकाळी बोर्डावर यादी लागते आणि सोमवारी रात्रपाळी आहे हे तेव्हा कळतं. रात्रपाळी करून आलेला माणूस पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्याच्या दुपारी झोपूच शकत नाही. पाण्याचा जार विकत घ्यावा लागतो, वापरायच्या पाण्याचा टँकर कधी येईल याचा नेम नसतो, त्यामुळे कुणीतरी एक जण जागा ठेवावाच लागतो. चार दिवस आधी कळलं तर खोलीतले चौघं पाळ्या वाटून घेतात. यात कंपनीचा एक पैसा खर्च होत नाही. तरी होत नाही, कारण कामगाराचा वेळ आपल्या मालकीचा आहे असं साहेबांनी धरलेलंच असतं.

पॅकिंगच्या खात्यात काम करणाऱ्या बायकांची उत्तरं आणखी नेमकी असतात. सुटल्यावर घराजवळ सोडणारी बस, स्वच्छ संडास, आणि लेकराला ठेवायची जागा. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं, हे 2017 पासून कायद्यात आहे. महिला दिनाला मात्र गुलाबाची फुलं वाटली जातात आणि त्याचे फोटो काढून लावले जातात.

आता सल्लागारांच्या पोतडीतल्या संशोधनाकडे येतो, कारण त्याचा धाक दाखवून ही सगळी लबाडी खपवली जाते. अमेरिकेत 1946 मध्ये कामगारांना नोकरीतल्या दहा गोष्टी महत्त्वाच्या क्रमाने लावायला सांगितल्या गेल्या. त्यांनी पहिला क्रमांक दिला केलेल्या कामाची कदर होण्याला. सुपरवायझरांना वाटत होतं की कामगार पगाराला पहिला क्रमांक देतील. केनेथ कोवाक यांनी 1980 च्या दशकात तोच प्रयोग पुन्हा केला आणि तेव्हा कामगारांनी कामात गोडी असण्याला सर्वांत वर ठेवलं. प्रशिक्षण वर्गात एवढंच सांगतात आणि थांबतात. कोवाक यांच्या 1987 च्या लेखातला पुढचा भाग कुणी सांगत नाही. त्यांनी उत्तरं वयाप्रमाणे आणि उत्पन्नाप्रमाणे वेगळी काढली. तिशीच्या आतल्यांनी आणि सर्वांत कमी कमावणाऱ्यांनी पहिला क्रमांक चांगल्या पगाराला दिला होता आणि दुसरा नोकरीच्या शाश्वतीला. वाळूजच्या लाइनवर उभी असलेली पोरं कोण आहेत? तिशीच्या आतली आणि सर्वांत कमी कमावणारी. म्हणजे ज्या अभ्यासाचा दाखला देऊन त्यांना प्रशस्तिपत्र दिलं जातं, तो अभ्यासच सांगतो की त्यांना पगार आणि शाश्वती द्या.

फ्रेडरिक हर्झबर्ग यांचंही तेच केलं. पगाराने माणूस पेटून उठत नाही, तो फक्त नाराज राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. 1959 च्या त्यांच्या पुस्तकामागचा अभ्यास पिट्सबर्ग भागातल्या सुमारे 200 इंजिनिअर आणि हिशेबनिसांचा होता. पोट भरलेली, घरदार असलेली, कायम नोकरीतली माणसं ती. शिवाय हर्झबर्ग यांनी पगार, सुरक्षितता, कामाची परिस्थिती या गोष्टी आधी नीट करा, नाहीतर पुढचं सगळं व्यर्थ, असंच मांडलं होतं. ती पहिली पायरी गाळून थेट कौतुकावर उडी मारणं म्हणजे ताट रिकामं ठेवून त्याच्याभोवती रांगोळी काढणं.

आणि पैशाने माणसाला प्रोत्साहन मिळत नाही, हे तत्त्व खरं असेल तर ते मालकांना का लागू होत नाही? महाराष्ट्र सरकार 1964 पासून सामूहिक प्रोत्साहन योजना चालवतं. तिच्या सुधारित आवृत्त्या निघत आल्या, 2019 मध्येही निघाली. मराठवाड्यासारख्या मागास भागात कारखाना काढणाऱ्याला विजेवरच्या शुल्कात सूट, मुद्रांक शुल्कात सूट, व्याजात सवलत, भरलेल्या राज्य जीएसटीचा परतावा. उद्योजकाने वाळूजला, शेंद्र्याला यावं म्हणून सरकारने त्याला प्रशस्तिपत्र दिलं नाही, रोख दिली. योजनेच्या नावातच प्रोत्साहन आहे. माझा या योजनेला विरोध नाही. तिच्यामुळे या भागात कारखाने आले आणि पोरांना कामं मिळाली. पण ज्यांनी स्वतःचं प्रोत्साहन रुपयांत मोजून घेतलं, त्यांनी कामगाराला उठून सांगू नये की पैसा हे सर्वस्व नसतं.

2010 च्या ऑक्टोबरमध्ये या शहरातल्या उद्योजकांनी, बिल्डरांनी, डॉक्टरांनी एकत्र येऊन एकदम 150 मर्सिडीज गाड्या घेतल्या. सुमारे 65 कोटींचा व्यवहार होता आणि देशभर त्याची बातमी झाली. आपलं शहर मागास नाही हे जगाला दाखवायचं होतं, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्यांनी आपल्या पैशाने घेतल्या, कर्ज काढून घेतल्या, त्यांचा तो हक्क. मी एवढंच म्हणतो की आपल्या कष्टाचं बक्षीस काय असावं हे ज्याचं त्याने ठरवलं आणि ते डोळ्यांना दिसेल असं निवडलं. रांजणगावच्या पोरालाही तसंच वाटतं. त्याला दुचाकीचा हप्ता भरायचा असतो, गावाकडच्या घरावर स्लॅब टाकायचा असतो. त्याची इच्छा तेवढीच प्रामाणिक आहे, तेवढीच माणसाची आहे.

कामगारांनी मालकाच्या भाषेत मागणी केली तेव्हा काय झालं, याचंही उदाहरण आहे. 25 जून 2013 ला बजाज ऑटोच्या चाकणच्या कारखान्यात संप सुरू झाला. विश्व कल्याण कामगार संघटनेच्या मागण्यांत एक मागणी अशी होती की प्रत्येक कामगाराला कंपनीचे 500 शेअर एक रुपया भावाने द्यावेत. केवढा गहजब झाला! शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीतला वाटा आणि कामगार तो मागतो, हेच अनेकांना सहन झालं नाही. 1990 च्या दशकात इन्फोसिसने कर्मचाऱ्यांना शेअर दिले तेव्हा त्याचं दूरदृष्टी म्हणून कौतुक झालं होतं. संगणकावर बसणाऱ्याला वाटा मिळाला तर तो भागीदार, यंत्रावर उभा राहणाऱ्याने मागितला तर तो लोभी. चाकणचं उत्पादन वाळूजला हलवू, असं कंपनीने सुनावलं. पन्नास दिवसांनी, ऑगस्टच्या मध्यात, मागणी मान्य न होताच संप मिटला. एक रुपया हा भाव वाजवी होता का, यावर वाद घाला. 500 ऐवजी 50 म्हणा, सवलत कमी करा. पण कंपनी वाढली तर आमचंही काही वाढावं, ही मागणी करणारा माणूस कंपनीशी बांधलेला असतो. इतकी प्रेरणा असलेला कामगार कोणत्या सर्वेक्षणात सापडणार आहे? कंपनीने तो समोर उभा असताना नाकारला. आणि एका गावच्या कामगाराला दुसऱ्या गावच्या कामगाराचा धाक दाखवला, याचं वाळूजकर म्हणून मला आजही वाईट वाटतं.

बोनसची गोष्ट याहून जुनी आहे. मुंबईच्या गिरणीमालकांनी पहिल्या महायुद्धातल्या नफ्याच्या जोरावर 1917 पासून कामगारांना बोनस द्यायला सुरुवात केली. काही वर्षं दिला, 1923 चा नाकारला. 1924 च्या सुरुवातीला दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. सरकारने सर नॉर्मन मॅक्लिओड यांची समिती नेमली आणि समितीने निकाल दिला की बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही, ती मालकाची खुशी. पोटाला चिमटा घेऊन लढलेले लोक हात हलवत कामावर परतले. खुशीचा हक्क व्हायला त्यानंतर चार दशकं लागली. 1965 चा बोनस कायदा आला, आणि आज किमान 8.33 टक्के, म्हणजे वर्षाला एका महिन्याचा पगार, नफा होवो न होवो द्यावाच लागतो. 2019 च्या वेतन संहितेतही तो आकडा कायम आहे.

पण दिवाळीच्या आठवड्यात रांजणगावात फिरा आणि ठेक्यावरच्या पोरांना विचारा. एखाद्याला महिन्याचा पगार मिळालेला असतो, एखाद्याला दोन हजार रुपये आणि मिठाईचा खोका, एखाद्याला नुसता खोका. बोनसचा कायदा 20 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला लागू होतो, म्हणून ठेकेदार एकाच घरातल्या तीन नावांवर माणसं वाटून टाकतो. एखादा दरमहाच्या पगारपत्रकात बोनसची रक्कम घुसवतो आणि वर सांगतो की तुझा बोनस तू खाल्लास. हे सगळं कंपनीच्या पर्सनल खात्याला माहीत असतं. ठेकेदाराची बिलं तिथेच पास होतात. कायद्याने द्यायचं ते ठेकेदाराआडून बुडवायचं आणि वर गणवेशातल्या रांगेला उभं करून मिठाई वाटतानाचे फोटो काढायचे, याला बक्षीस म्हणणं हा कामगाराचा अपमान आहे.

ओव्हरटाइमचंही तेच. 1948 च्या कारखाने कायद्यापासून जादा कामाला दुप्पट दर आहे. लहान कारखान्यांत तो एकेरीने दिला जातो, वेगळ्या वहीत लिहिला जातो, आणि कुणाला ओव्हरटाइम लावायचा हे सुपरवायझर मर्जीने ठरवतो. मूळ पगार इतका कमी ठेवलेला असतो की पोरं त्या मर्जीसाठी हांजी हांजी करतात. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे कामाचे तास 9 वरून 12 पर्यंत नेण्याला आणि तिमाहीत ओव्हरटाइमची मर्यादा 115 तासांवरून 144 तासांवर नेण्याला मंजुरी दिली. कामगारांना जास्त कमवायची संधी, असं त्याचं समर्थन झालं. बारा तास उभं राहिल्याशिवाय घर चालत नाही इतका पगार द्यायचा आणि मग तो बारा तास आवडीने उभा राहतो असं सांगायचं! त्याची ती आवड नाही. नाइलाज आहे.

'परमनंट झाला की माणूस काम करत नाही' हे वाक्य मी इतक्या साहेबांच्या तोंडून ऐकलं आहे की त्याचं उत्तर द्यावंच लागेल. कामचुकार माणसं असतात. कायम झाल्यावर युनियनच्या ऑफिसात पत्ते कुटणारे मीही पाहिले आहेत आणि त्यांना मेमो मीच टाइप करून दिले आहेत. त्यासाठी स्थायी आदेश आहेत, चार्जशीट आहे, चौकशी आहे. दहांतला एक कामचुकार निघेल म्हणून दहाही जणांना आयुष्यभर अधांतरी ठेवायचं, हा न्याय कुठला? शिवाय हे वाक्य बोलणारा मॅनेजर स्वतः कायम असतो. कायम नोकरीने माणूस आळशी होत असेल तर सुरुवात त्याच्यापासून व्हायला हवी.

अधांतरी ठेवण्याचा खर्चही कुणी मोजत नाही. सात-आठ महिन्यांनी बदलणारी पोरं प्रेसवर उभी केली की बोटं जातात. रिजेक्शन वाढतं. यंत्राचा आवाज बदलला की काहीतरी बिघडतंय हे ज्याला कानाने कळतं तो माणूस घडायला वर्षं लागतात, आणि तो घडायच्या आतच त्याला ब्रेक मिळतो. अमेरिकेत क्लीव्हलँडला लिंकन इलेक्ट्रिक नावाची वेल्डिंगची यंत्रं आणि सळया बनवणारी कंपनी आहे. वाळूजच्या कोणत्याही फॅब्रिकेशनवाल्याला तिचं नाव ठाऊक असतं. 1934 पासून ती कामगारांना नफ्यातून घसघशीत वार्षिक बोनस देत आली आणि 1958 पासून तिने हमी दिली की काही वर्षं नोकरी झालेल्या माणसाला मंदी आली म्हणून घरी पाठवणार नाही. बोनस आणि शाश्वती, दोन्ही एकत्र. ती कंपनी बुडाली नाही, जगभर पसरली. व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांत तिच्यावर धडे शिकवतात. ते धडे शिकून आलेली मुलं इथे येऊन टी-शर्टचा रंग ठरवतात.

कौतुकाची किंमत मी कमी लेखत नाही. कायझेनच्या वहीत एखादा ऑपरेटर सुचवतो की जिग असा फिरवला तर एका नगामागे चार सेकंद वाचतात. ते खरं ठरतं, वर्षभरात कंपनीचे लाखो रुपये वाचतात. त्याला मिळतं काय, तर बोर्डावर फोटो आणि पाचशे रुपयांचं कूपन. त्याच्या सूचनेवर इंजिनिअर साहेबांना बढती मिळालेली मी पाहिली आहे. कदर करायची असेल तर वाचलेल्या पैशातला ठरावीक वाटा त्याच्या खात्यात टाका, ड्रॉइंगवर त्याचं नाव घाला, आणि तो ठेक्यावर असेल तर त्याला कंपनीत घ्या. असा सत्कार झाला तर तोही टाळ्या मनापासून घेईल. आणि कदरीची दुसरी, अगदी साधी रीत म्हणजे त्याला नावाने हाक मारणं. "ए ठेकेदार" अशी हाक मी शॉप फ्लोअरवर ऐकली आहे. पंचविशीतल्या माणसाला स्वतःचं नाव असतं.

31 डिसेंबर 2023 च्या पहाटे वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली. कामगार आत झोपलेले होते. 6 जण मेले. परराज्यातून पोटासाठी आलेली माणसं होती ती, कामाच्याच जागी राहत होती, कारण खोलीचं भाडं परवडत नव्हतं किंवा तशीच सोय लावलेली होती. माणसाची पहिली पसंती काय असते, याचा अभ्यास करणाऱ्यांनी त्या जागेपासून सुरुवात करावी. झोपलेल्या जागेतून जिवंत बाहेर पडता यावं, ही त्यांची पसंती होती. त्यासाठी लागणारं दुसरं दार कोणत्याही वार्षिक सत्कार समारंभापेक्षा स्वस्त पडलं असतं.

आता शेंद्रा-बिडकीनच्या 'ऑरिक' औद्योगिक नगरीत नवे कारखाने येत आहेत. टोयोटा किर्लोस्करने जुलै 2024 मध्ये राज्य सरकारशी सुमारे 20,000 कोटींच्या प्रकल्पाचा सामंजस्य करार केला, एथरसारखी विजेवरच्या दुचाकींची कंपनी येते आहे. बिडकीन, शेंद्र्याच्या शेतकऱ्यांनी त्यासाठी जमिनी दिल्या आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. नेमणुकीचं पत्र प्रत्येकाला देणं बंधनकारक झालं, ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. त्या संहितांतल्या पुष्कळ गोष्टी कामगाराच्या विरोधात आहेत, पण या दोन त्याच्या बाजूच्या आहेत आणि त्या ठेकेदाराच्या कपाटात कुलूपबंद होतील अशी मला भीती आहे. आपल्या भागात येणाऱ्या कारखान्यात किती पोरं कंपनीच्या हजेरीपटावर असतील आणि किती ठेकेदाराच्या, हा प्रश्न लोकप्रतिनिधींनी आताच, सवलतींचे आदेश निघायच्या आधी विचारावा. सरकारी सवलत घेणाऱ्या कंपनीने कायम कामगारांचं प्रमाण जाहीर करावं आणि ते घसरलं तर सवलत घसरावी. मालकाचं प्रोत्साहन कामगाराच्या शाश्वतीशी बांधून टाका, मग बघा ठेका किती लवकर आटतो.

सीएमआयए आणि मसिआ या आपल्या शहरातल्या उद्योजकांच्या संघटनांना माझं सांगणं आहे की कामगारांच्या आवडीनिवडीवर परिसंवाद घेण्यावर पैसा घालवू नका. तुमच्या सभासदांकडून चार गोष्टी लिहून घ्या: ठेक्यावरच्या प्रत्येकाला पूर्ण बोनस, ओव्हरटाइम दुप्पट दराने आणि एकाच वहीत, पाळीची यादी आठवडाभर आधी, आणि ब्रेक देणं बंद. ज्याने लिहून दिलं त्याचं नाव वर्तमानपत्रात छापा. त्या कारखान्याच्या गेटवर पोरांची रांग लागेल. आणि मासिक पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यावा, असा कायदा आहे. निदान तेवढं या महिन्यापासून करा.